पूर्वसंमती, अद्रक आणि ऐंशी टक्के

ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला २३ रुपये ६० पैसे लागतात. वीस रुपये फी आणि वर जीएसटी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शेतकरी पोर्टलवर एवढाच आकडा असा आहे, जो पहिल्या दिवशी सांगतात तोच शेवटच्या दिवशीही खरा निघतो. बाकी सगळे आकडे वाटेत बदलतात. त्या बदलत्या आकड्यांची ही हकिकत आहे, कारण गावात कुणीही 'ठिबकला ऐंशी टक्के आहे ना?' असं विचारलं की मला नुसतं 'हो' म्हणवत नाही.

आमची जमीन छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, अद्रकीच्या पट्ट्यात. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री या बाजूला गेली कित्येक वर्षं कपाशी-मक्याच्या जोडीला अद्रक असते. अद्रक म्हणजे गादीवाफा आणि गादीवाफा म्हणजे ठिबक, हे आता ठरूनच गेलंय. पाटाने पाणी दिलं की वाफ्याच्या कडेला ओल साचते, कंद सडतो आणि सड एकदा शिरली की ती वाफाभर हिंडते. ठिबकमधून विद्राव्य खतंही देता येतात. म्हणजे आमच्याकडे ठिबक ही चैन नाही, लागवडीचाच भाग आहे. अनुदान असो वा नसो, नळ्या पसराव्याच लागतात.

माझ्याकडे जुन्या नळ्या होत्या. उन्हाने करकरीत झालेल्या, उंदरांनी जागोजागी कुरतडलेल्या, ड्रिपर क्षाराने बुजलेले. अनुदानावर घेतलेला तो संच सात वर्षांपेक्षा जुना होता. एका क्षेत्रावर एकदा अनुदान घेतलं की सात वर्षं पुन्हा मिळत नाही, ती अट मी ओलांडली होती. म्हणून २०२४ च्या पावसाळ्यानंतर साठ आर क्षेत्रासाठी अर्ज टाकला.

तेव्हा सोडत होती. महिन्या-दोन महिन्यांनी यादी लागायची, गावातल्या कुणाला तरी मेसेज यायचा आणि मग चावडीवर अंदाज बांधले जायचे. याला कसा लागला, त्याने कुणाला फोन केला वगैरे. माझ्या माहितीप्रमाणे कुणी कुणाला फोन केला नव्हता, संगणकच नंबर काढायचा. पण नंबर न लागलेल्या माणसाला संगणकावर विश्वास ठेवणं जड जातं. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारने सोडत बंद केली आणि प्रथम अर्ज करणाऱ्याला प्रथम प्राधान्य हा नियम आणला. माझा अर्ज जुना होता, त्यामुळे तारखेच्या जोरावर माझा नंबर पुढे सरकला.

त्याच एप्रिलमध्ये, १५ तारखेपासून, कृषी योजनांसाठी शेतकरी ओळखपत्र म्हणजे फार्मर आयडी सक्तीचा झाला. ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचं हे काम आम्ही आधीच सेतूवर करून घेतलं होतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, सातबाऱ्यावरचे गट एकेक करून जोडायचे, मग तलाठ्याकडून मंजुरी. माझं झटक्यात झालं. आईचा मोबाइल नंबर आधारला कधीकाळी दिलेला, तो बंद पडलेला. तो बदलायला आधार केंद्र, तिथे अंगठा उमटेना. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बाईच्या बोटांवर रेघा राहतात तरी कशा? शेवटी डोळ्यांवरून काम झालं.

एप्रिलअखेर निवड झाल्याचा मेसेज आला. आता कागदपत्रं अपलोड करायची होती. सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, डीलरचं कोटेशन, वीजबिल. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली आहे, तरी बिलाची प्रत लागतेच. शून्य रुपयांचं बिल डाउनलोड करून लावलं. सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि चाकणला कंपनीत असलेल्या भावाचं अशी तीन नावं, त्यामुळे दोघांचं संमतीपत्र. भावाने ते सही करून कुरिअरने पाठवलं. विहीर वडिलांनी खोदलेली, तिची नोंद सातबाऱ्यावर नाही. त्यावर स्वयंघोषणापत्र चालतं. विहिरीत पाणी आहे असं मी सरकारला लेखी कळवलं.

खरी गंमत कोटेशनपासून सुरू होते.

ठिबकवाल्याकडे दोन भाव असतात. दुकानात जाऊन 'किती?' विचारलं की तो आधी उलट विचारतो, 'अनुदानात की रोखीत?' रोखीत म्हणजे साधा माल. नळी पातळ, नाव ऐकलेलं नसतं, पावती मागितली तर देतो, नाही मागितली तर देत नाही. अनुदानात म्हणजे नोंदणीकृत कंपनीचा, आयएसआय खुणेचा माल, आराखडा, पक्कं बिल, कंपनीच्या पोर्टलवर नोंद. या दोन भावांतला फरक दहा-पाच टक्क्यांचा नसतो. मी दोन्ही भाव कागदावर मांडून पाहिले. अनुदानातला संच साधारण ८५ हजारांच्या घरात जात होता आणि तेवढ्याच क्षेत्राचा रोखीचा माल त्याच्या निम्म्यापेक्षा थोडा वर. रोखीची नळी फार तर तीन हंगाम टिकते, चांगली नळी सात-आठ वर्षं सहज. त्यामुळे तुलना सरळ नाही, हे कबूल. तरी ऐंशी टक्के हा आकडा मनात धरून दुकानात गेलेला माणूस बाहेर पडताना गप्प असतो, त्याचं कारण हे.

आणि ते ऐंशी टक्केही कशाचे, तेही पाहावं. केंद्राची 'प्रति थेंब अधिक पीक' योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ५५ टक्के देते, त्यावरच्याला ४५. राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक म्हणून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के घालतं. बेरीज ८० आणि ७५. पण ही टक्केवारी तुमच्या बिलावर नसते. सरकारने पिकाच्या अंतरानुसार हेक्टरी खर्चाचं एक मापदंड ठरवलेलं आहे, त्यावर ती असते. बिल मापदंडाच्या वर गेलं की वरचा सगळा भार तुमचा. माझ्याकडे विहिरीच्या पाण्याला चांगला फिल्टर हवा होता, खतासाठी व्हेंचुरी हवी होती, मुख्य पाइप लांबून आणायचा होता. यातलं काही मापदंडात बसलं, काही नाही. डीलर भला होता, त्याने सुरुवातीलाच सांगितलं, 'दादा, तुम्ही सत्तर टक्केच धरून चाला. त्याच्या वर आलं तर आनंद माना.'

कागद चढवले आणि पूर्वसंमतीची, म्हणजे माल घ्यायच्या सरकारी परवानगीची वाट पाहू लागलो. या कागदावर सगळं अडलेलं असतं. पूर्वसंमतीच्या आधी माल घेतला आणि बिलावर आधीची तारीख पडली की फाईल बाद. आता अद्रकीचं बघा. बेणं एप्रिलमध्ये निवडून ठेवलेलं, त्याला डोळे फुटू लागलेले, वाफे ओढून तयार. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेपासून लागवडीची घाई सुरू होते, मे सरला की उशीर झाला. आणि मे २०२५ मध्ये कृषी सहायकांनी काम बंद आंदोलन पुकारलं. त्यांच्या मागण्या अवाजवी नव्हत्या. सगळी कामं ऑनलाइन करून घ्यायची आणि लॅपटॉप द्यायचा नाही, हे कुणालाही चुकीचंच वाटेल. आमच्या सज्जाचा सहायक स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचा नेटपॅक मारून आमचे फोटो अपलोड करायचा. पण व्हायचं ते झालं, फायली थांबल्या.

गावात अशा वेळी दोन मार्ग सांगितले जातात. पहिला, माल आत्ता उचला, डीलर बिल नंतरच्या तारखेचं देईल. हे सर्रास चालतं आणि सगळ्यांना माहीत आहे. दुसरा, थांबा. मी तिसराच काढला. बेणं थांबणारं नव्हतं म्हणून लागवड मेच्या मध्याला उरकली आणि जुन्याच नळ्या जिथे फुटल्या तिथे जोड मारून पसरल्या. रोज सकाळी वाफ्यावाफ्याने फिरून बुजलेले ड्रिपर टाचणीने टोचायचे, हा एक कार्यक्रमच झाला. मग निसर्गाने वेगळंच केलं. त्या वर्षी मेमध्येच अवकाळी पाऊस धो-धो पडला, त्याला जोडूनच मोसमी पाऊस आला. २५ मेला तो तळकोकणात पोहोचलाही होता, जूनच्या आधी! अद्रकीला पाणी द्यायची गरजच उरली नाही. आणि नेमकी त्या चिखलात माझी पूर्वसंमती आली.

पूर्वसंमती आली की उलटा घड्याळाचा काटा सुरू होतो. तीस दिवसांत माल घ्यायचा, बसवायचा आणि बिल पोर्टलवर चढवायचं. आधी तुम्ही सरकारसाठी थांबलेले असता, आता सरकार तुमच्यासाठी थांबायला तयार नसतं. वाफसा नाही, चर खोदायला जेसीबी शेतात उतरत नाही, सबमेन, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणारा पाइप पुरायचा कसा? शेवटी दोन माणसं लावून हाताने चर काढले.

आणि पैसे. इथे या योजनेची कळ आहे. अनुदान मागून येतं, आधी शंभर टक्के तुम्ही भरायचे. त्यात तेव्हाचा १२ टक्के जीएसटी. (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो ठिबकवर ५ टक्के झाला. थांबलो असतो तर वाचला असता, पण पूर्वसंमती सप्टेंबरपर्यंत थांबली नसती.) मेमध्ये शेतकऱ्याच्या हातात काय असतं? बेणं, शेणखत, बेसल डोस, मजुरी यात होतं नव्हतं ते गेलेलं. मी पतसंस्थेत बायकोच्या पाटल्या ठेवल्या आणि सोनेतारण काढलं. ती काही बोलली नाही, फक्त पावती स्वतःकडे ठेवली.

आमच्या भावकीतल्या काकूंची निवड माझ्याच आगेमागे झाली होती. काका गेल्यापासून त्या एकट्या दीड एकर बघतात, कपाशी आणि थोडी तूर. अर्ज मीच भरला होता. पूर्वसंमतीचा मेसेज आला तेव्हा त्यांनी पेढे आणले. डीलरकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, 'अर्धे आता द्या, अर्धे अनुदान आल्यावर, पण कोरा चेक ठेवावा लागेल.' काकू म्हणाल्या, 'चेकबुक नाही माझ्याकडे, आणि असतं तरी कोरं काही देणार नाही मी कुणाला. तुझ्या काकांनी एकदा दिलं होतं.' काकांनी कशासाठी दिलं होतं ते मी विचारलं नाही. बचत गटातून वीस हजार मिळाले असते, ते पुरणारे नव्हते. बाकीच्यासाठी तीन टक्के महिन्याचं सावकारी व्याज निघत होतं. सहा महिने अनुदान लांबलं तर अठरा टक्के व्याजातच जाणार, हा हिशेब काकूंनी बोटांवर केला, चौथी शिकलेल्या बाईने, आणि 'राहू दे' म्हणाल्या. तीस दिवस गेले. पोर्टलवर त्यांचा अर्ज रद्द दिसू लागला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच खुपतं. दोन हेक्टरच्या आतल्याला पाच टक्के जास्त द्यायचे हे धोरण कागदावर योग्यच आहे. पण ते पाच टक्के घ्यायला जो शंभर टक्के आधी भरू शकतो, तो बहुतेक वेळा दोन हेक्टरच्या आतला नसतो, किंवा माझ्यासारखा असतो, ज्याच्या घरात एक पगार येतो आणि कपाटात पाटल्या असतात. आमच्या गावात ज्यांच्या शेतात नवे अनुदानित संच आहेत त्यांची नावं घेतली तर ऊसवाले, अद्रकवाले, डाळिंबवाले निघतील. कोरडवाहू कपाशीवाला, ज्याला सप्टेंबरच्या खंडात दोन पाण्यांसाठी ठिबक हवं असतं, तो यादीत क्वचितच सापडतो.

पुढची तपासणी लवकर आटोपली. सहायक आले. त्यांचं पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय, गाव अजून कृषी सहायकच म्हणतं. त्यांनी संच चालू करायला लावला, फिल्टरपाशी दाब पाहिला, नळ्यांची लांबी मोजली, शेतात मला उभं करून अक्षांश-रेखांशासह फोटो काढला. अद्रक तोवर गुडघ्याला लागली होती, त्यामुळे नळ्या फोटोत दिसेनात. पानं बाजूला सारून पुन्हा फोटो. हे काम त्यांनी नीट केलं, शंका घेऊन केलं, आणि मला ते आवडलं. एकाच बंडलाचे फोटो दोन शेतांत काढल्याच्या गोष्टी आपण सगळेच ऐकतो. मोजमाप घेणारा माणूस असेल तर निदान चार फायली तरी खऱ्या निघतात.

मग फाईल तालुक्याहून जिल्ह्याला. एकदा त्रुटीत पडली: बिलावरचं माझं नाव आणि आधारवरचं नाव यात वडिलांच्या नावाचा एक काना कमी होता. दुरुस्त बिल घेऊन पुन्हा चढवलं. त्यानंतर पोर्टलवर 'निधी वितरणासाठी प्रलंबित' अशा अर्थाची ओळ आली आणि तिथेच बसली.

या थांबलेल्या काळात एक काम केलं, ते कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. डीबीटीचे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते पैसे तुम्ही पासबुक लावलेल्या खात्यावर येतातच असं नाही, आधारशी शेवटचं जे खातं जोडलेलं असतं त्यावर येतात. माझं आधार पीककर्जाच्या बँकेला जोडलेलं होतं. त्या वर्षी कर्जमाफीच्या आशेने आमच्याकडे फारसं कुणी पीककर्ज भरलेलं नव्हतं, मीही नाही. थकीत खात्यावर आलेलं अनुदान बँकेने होल्ड केल्याची उदाहरणं गावात होती. अनुदानाला हात लावू नका असे आदेश निघतात, पण शाखेत जाऊन ते आदेश दाखवायचे कुणी? मी पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं घरीच उघडलं आणि आधार त्याला जोडून घेतलं. पुढे पैसे तिथेच आले.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यावर जो पाऊस झाला तो सगळ्या राज्याने पाहिला. माझ्या अद्रकीचा खालचा तुकडा पाण्याखाली गेला, सड शिरली. सबमेनची एक बाजू ओढ्याच्या पाण्याने उघडी पडली. नवा संच, अनुदान यायचंय आणि नळ्या गाळात. विमा पिकाचा असतो, नळ्यांचा नाही. गाळ काढला, नळ्या धुतल्या, शेवटची टोकं उघडून पाणी सोडलं. संच वाचला, खालचं पीक निम्मं गेलं. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि अतिवृष्टीची मदत दिवाळीच्या आगेमागे खात्यावर जमा झालीसुद्धा. त्यासाठी आम्ही एकही अर्ज केला नव्हता. पंचनामा झाला, फार्मर आयडी होता, पैसे आले. त्यामुळे मला एक कळेना: जे सरकार पुरानंतर इतक्या झपाट्याने पैसे टाकू शकतं, ते ज्या संचाचं बिल, फोटो, अक्षांश सगळं त्याच्याकडे आहे त्याचे पैसे इतके दिवस का अडवून ठेवतं? तालुक्याला विचारलं. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, 'मदतीच्या निधीचं हेड वेगळं, हे हेड वेगळं. इकडे निधी आला की क्रमाने जातील.' त्यांनी खोटं काही सांगितलं नाही.

थंडीत एक दिवस मेसेज आला. रक्कम पाहून मी आधी घाबरलो, कारण ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. नंतर उलगडा झाला. ५५ टक्क्यांचा हिस्सा आलाय, राज्याचं पूरक २५ टक्के वेगळं येतं, त्याचं वेगळं हेड, वेगळी यादी. म्हणजे एका संचाचं अनुदान दोनदा वाट पाहून घ्यायचं. आलेल्या पैशातून पतसंस्थेचं मुद्दल बरंचसं फिटलं, व्याज मी अद्रकीतून भरलं. पाटल्या घरी आल्या, पावती अजून तिच्याकडेच आहे.

इतकं सगळं होऊन संच वाईट आहे का? अजिबात नाही. दाब सगळीकडे सारखा मिळतो, शेवटच्या वाफ्यापर्यंत ओल एकसारखी दिसते, खताची एक गोणी तरी कमी लागली. याच पैशात मी रोखीतली नळी घेतली असती तर पुरात ती वाहूनच गेली असती. म्हणून ज्याला आधी पैसे घालणं जमतं त्याला मी 'अर्ज कर' असंच सांगतो. फक्त लागवडीच्या तारखेशी त्याची गाठ घालू नको, आदल्या दिवाळीलाच कागद चढव, आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आधी बघ आणि डीलरला कोरा चेक देऊ नको.

काकूंचा अर्ज पुन्हा भरला आहे. पुन्हा २३ रुपये ६० पैसे. या वेळी पूर्वसंमती आली तर डीलरला गटाच्या बायका मिळून भेटणार आहेत: चार जणींचं एकत्र कोटेशन, हप्ते आणि चेक नाही, तर लेखी करार. डीलर ऐकेल का, माहीत नाही. चार संचांची ऑर्डर आहे, ऐकायला हवं. माझे पूरक अनुदान पोर्टलवर अजून प्रलंबित दाखवतंय.